डहाळ्यांचे कप्पे

"बाई, मला मोडीत काढलंय," डहाळे दारातून म्हणाले.

मी मान वर केली. एप्रनच्या काजात तारेनं अडकवलेला पत्र्याचा बिल्ला त्यांनी दोन बोटांत उचलून धरला होता. त्यावर पांढऱ्या रंगात ‘लॉट ९’ असं लिहिलं होतं. रंग अजून ओला असावा, कारण त्यांच्या अंगठ्याला लागला होता.

"हे कुणी लावलं?"

"भांडारातल्या माणसानं. सकाळी बर्नर पेटवत होतो, तर मागून येऊन म्हणाला, हलू नका. मला वाटलं, पाठीवर गांधीलमाशी बसली असेल. उभा राहिलो."

"आणि लावू दिलात?"

"यादी होती त्याच्याकडं. लॉट आठ, फुटका स्टोव्ह. लॉट नऊ, डहाळे मोहनीराज. लॉट दहा, भिंतीवरचं घड्याळ, काटे नसलेलं. शनिवारी लिलाव आहे. मला स्टोव्हच्या नंतर का घातलं, एवढं कळलं नाही. मी त्याच्या आधीपासून आहे इथं."

डहाळे आमच्या मृदा संशोधन संस्थेत काचेची कामं करायचे. मातीच्या नमुन्यांतून काही वेगळं काढायचं तर वाकड्या नळ्या, दोन तोंडांचे चंबू, एकात एक बसवलेले कंडेन्सर लागत, आणि तसले बाजारात मिळत नसत. कागदावर आकृती काढून दिली की डहाळे ती उलटीसुलटी करून बघत, "म्हणजे वाफ इकडून येणार आणि इथं रडणार," असं म्हणत, आणि काही दिवसांनी ते भांडं कापसात गुंडाळून आणून देत. माझं संशोधन म्हणून जे काही आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या फुंकरीवर उभं आहे.

मी त्यांना आत घेतलं. ज्या मशीननं हे केलं होतं ते माझ्याच खोलीत होतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका परदेशी विद्यापीठानं वापरून झालेलं लिस्प मशीन, म्हणजे लिस्प नावाच्या संगणकभाषेवर चालणारा संगणक, संस्थेला भेट दिलं होतं. ते कपाटाएवढं होतं आणि त्याला थंड हवा लागे. म्हणून संस्थेतला एकुलता एक एसी त्याच्यासाठी बसवला, आणि मे महिन्यात सगळ्यांनाच त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला. त्याचं मूळ काम जमिनीच्या नमुन्यावरून खताचा सल्ला देण्याचं. पण संचालकांना नव्या वस्तूचा पुरेपूर उपयोग करून घ्यायची हौस होती. त्यांनी आधी संस्थेचा डेडस्टॉक, म्हणजे खुर्च्या, टेबलं, कपाटं, त्यात भरायला लावला. मग माणसं. मग जुन्या सेवापुस्तिका वाळवीच्या हाती लागण्याआधी लगद्याला पाठवून दिल्या. तेव्हापासून मशीन म्हणेल ते खरं.

हे भरण्याचं काम, मशीन माझ्याकडे येण्याआधी ते सांभाळणाऱ्या प्रोग्रामरनं केलेलं. लिस्पमध्ये आधी वर्ग आखायचा, म्हणजे साचा, आणि त्या वर्गातल्या प्रत्येकाला कोणते कप्पे असतील ते ठरवायचं. डेडस्टॉकच्या वर्गाला त्यानं नाव, खोली, संस्थेत आल्याची तारीख, पायांची संख्या, शेवटचं पॉलिश असे कप्पे दिले. कर्मचारी भरायची वेळ आली तोवर त्याचा कॅनडाचा व्हिसा आला होता. माणसालाही नाव असतं, खोली असते, आल्याची तारीख असते, असा विचार करून त्यानं कर्मचाऱ्यांचा वर्ग डेडस्टॉकच्याच पोटात काढला आणि तो विमानात बसला. वरचे सगळे कप्पे आम्हाला वारशानं मिळाले. पाय वेगळे सांगितले नसतील तर चार. संचालकांनाही चार होते. मी हे अधीक्षकांना दाखवलं होतं. ते म्हणाले होते, "समितीनं मंजूर केलेली रचना आहे, मायदेवबाई. असू द्यात पाय. कोण मोजायला येतंय?"

अधीक्षक म्हणजे रंगनाथ हुपरीकर. त्यांना मशीनची एकच गोष्ट मनापासून आवडली होती. मशीन एक बारीक खूण दाखवून थांबतं, आपण काही विचारलं की उत्तर देतं, आणि पुन्हा खूण दाखवून थांबतं. शेवटचं उत्तर ते तारकेच्या चिन्हात धरून ठेवतं. एखादं कपाट शोधलं, की पुढच्या ओळीत त्याचं नाव पुन्हा लिहायला नको, नुसती तारका टाकली की झालं. त्याच्या आधीचं उत्तर हवं असेल तर दोन तारका. हुपरीकर तिला ‘स्टार’ म्हणत, आणि कचेरीतही तीच पद्धत त्यांनी सुरू केली होती. शिपायाला म्हणत, "स्टार आण," म्हणजे मघाची फाईल. "दोन स्टार आण," म्हणजे त्याच्या आधीची. शिपाई दोन्ही वेळा चहा आणायचा.

मी पडद्यावरच्या कालच्या ओळी वर सरकवल्या. काल दुपारी मी नमुने आणायला शेतावर गेले होते आणि हुपरीकर इथं बसून निर्लेखन करत होते. निर्लेखन म्हणजे वस्तू कायमची बाद करून लिलावाला काढणं. वस्तू समोर हजर हवी, असा नियम. म्हणून एकेक मोडका जिन्नस या खोलीत आणला जाई, हुपरीकर तो मशीनवर शोधत, त्याचे कप्पे बघत, आणि मग ‘बाद कर, तारका’ अशी ओळ टाकत.

"तुम्ही काल इथं आला होतात?" मी विचारलं.

"आलो होतो. माझ्या खोलीतलं तीन पायांचं टेबल घेऊन. साहेबांनी ते शोधलं. मी म्हटलं, साहेब, बसलाच आहात तर माझंही बघता का, बदलीची कुजबुज ऐकतोय. त्यांनी माझं नाव टाकलं आणि वाचून दाखवलं." डहाळे बिल्ल्याकडे बघत राहिले. "एक तारखेपासून उपकेंद्राच्या बियाण्याच्या गोदामात. काचकाम विभाग बंद. भांडी बाहेरून मागवणार म्हणे."

मला हे माहीत नव्हतं. "गोदामात काय करणार तुम्ही?"

"पोत्यांना चिठ्ठ्या शिवायच्या."

फुंकर घालता घालता काच आतून कुठं पातळ होते आहे ते या माणसाला कळायचं. पोत्याला आतून कळण्यासारखं काही नसतं.

"मग?"

"मग साहेब टेबलाकडं वळले. त्याच्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. म्हणाले, चला, सुटलं बिचारं. आणि ओळ टाकली."

पडद्यावर सगळं तसंच होतं. टेबल शोधलं. डहाळे शोधले. बाद कर, तारका. हुपरीकरांच्या लेखी तारका म्हणजे हाताखालचं टेबल. मशीनच्या लेखी तारका म्हणजे शेवटचं उत्तर, कारण हात कुठं ठेवलाय ते मशीनला दिसत नाही. आणि कर्मचारी डेडस्टॉकच्या पोटातले असल्यामुळे बाद करायला त्यानं हरकतही घेतली नव्हती.

मी डहाळ्यांना शोधलं आणि त्यांचे कप्पे मागितले. कर्मचाऱ्याचे कप्पे पडदाभर असतात. डहाळे बाद वस्तूंच्या वर्गात गेले होते, त्यांचे सहाच आले. नाव, खोली, आल्याची तारीख, पाय, पॉलिश आणि लॉट. मी ते दोनदा वाचले.

"परत माणूस करता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल. एका ओळीचं काम आहे."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "मग शनिवारपर्यंत राहू द्या, बाई. यादीच्या खाली लिहिलंय, जसे आहे, जेथे आहे. लिलाव होईपर्यंत वस्तू जागची हलवायची नाही. म्हणजे तोवर मला कुणी दुसरं काम सांगू शकत नाही. तुमचा तो जोडकंडेन्सर अर्धा राहिलाय."

"आणि कुणी विकत घेतलं तर?"

"मला?" ते हसले. मग हसायचे थांबले आणि विचार करू लागले.

हुपरीकरांना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी उठून दार लावलं.

"हे मी केलं?"

"ओळ तुमची आहे, साहेब."

"पण स्टार म्हणजे टेबल होतं."

"टेबल तोवर दोन स्टार झालं होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हणाले, "मी आत्ता परत करून देते."

"थांबा. तसं करता येत नाही. बाद झालेली वस्तू परत जमा करून घ्यायची सोय एकच, लिलावात बोली आली नाही तर. जाहिरात छापून आलीये. यादीवर संचालकांची सही आहे. त्यांना काय सांगू, की न वाचता सही केलीत?" त्यांनी आवाज खाली आणला. "डहाळ्यांना कोण घेतंय हो? शनिवारी बोली येणार नाही, सोमवारी तुम्ही त्यांना परत करा. तोवर बिल्ला काढू नका म्हणावं."

"आणि हजेरी?"

"हजेरी कसली? वस्तू जागेवर आहे की नाही, एवढंच बघायचं."

त्या आठवड्यात डहाळ्यांनी जितकं काम केलं तितकं मी कधी बघितलं नव्हतं. वस्तू असल्यामुळे त्यांना बैठकीला कुणी बोलावलं नाही, चहाची वर्गणी कुणी मागितली नाही. बिल्ला ज्योतीत तापू नये म्हणून तो त्यांनी पाठीवर टाकला होता.

शनिवारी लिलावाची मंडळी खोलीखोलीतून फिरत आली. पुढे हुपरीकर, मागे भंगारवाले. त्यांत कुंडलिकशेठ ताठे मोठा. गावातल्या निम्म्या बंद कारखान्यांचं लोखंड त्याच्या वखारीत होतं. काचकामाच्या खोलीत डहाळ्यांच्या मंडळी, कौसल्याबाई, डबा घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. मी कपाटापाशी उभी राहिले.

"लॉट नऊ," हुपरीकर घाईघाईनं म्हणाले, "बोली नाही. लॉट दहा..."

"थांबा की, सायेब," कुंडलिकशेठ म्हणाला. "माल तर बघू द्या." तो डहाळ्यांना एक फेरी मारून आला. "चालू हाये का बंद?"

"चालू," डहाळे ज्योतीवरची नजर न काढता म्हणाले.

"मंग काढला कशापायी?"

"वय झालं असेल."

"खायाला किती लागतं?" हे त्यानं कौसल्याबाईंना विचारलं, कारण डबा त्यांच्या मांडीवर होता.

"दुपारी दोन भाकऱ्या. रात्री भात," त्या म्हणाल्या. "घोरतात, ते आधीच सांगते. मागून तक्रार घेऊन येऊ नका."

"तुमची काय हरकत, वहिनी?"

"मला कोण विचारतंय? यांचं लग्न माझ्याशी झालंय, असं यादीत लिहिलंय का? बघा. पॉलिश कधी झालं ते लिहायला जागा आहे."

कुंडलिकशेठनं हनुवटी खाजवली. "माझ्या वखारीत सोड्याच्या बाटल्यांचा ढीग पडलाय, गळे फुटलेल्या. असला कारागीर आता मिळत न्हाई. खुर्च्यांच्या भावात धरा. माझी बोली."

बोली आली की पुकारणं भाग होतं.

"एक वार," हुपरीकर म्हणाले.

डहाळ्यांच्या हातातली नळी फिरायची थांबली आणि तापलेली काच एका अंगाला ओघळली. त्यांच्या हातून काच वाया जाताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"दोन वार."

"कुंडलिकशेठ," मी म्हणाले, "माल यादीशी ताडून घेतलात का?"

"त्यात काय ताडायचं, मॅडम?"

"यादीत पाय चार आहेत."

सगळ्यांनी खाली बघितलं. डहाळ्यांनीही.

"दोनच हायेत," कुंडलिकशेठ म्हणाला.

"फाटकावर यादीप्रमाणे मोजूनच माल बाहेर सोडतात. चार लिहिलेत आणि दोन निघाले, तर बाकीचे दोन कुठं गेले ते तुम्हाला विचारतील."

तो बराच वेळ डहाळ्यांच्या चपलांकडे बघत राहिला. "गेल्या साली पंख्याचं एक पातं कमी भरलं, तर चौकीला चकरा मारून माझा जीव मेटाकुटीला आला. आता पाय म्हणल्यावर..." त्यानं हात झटकले. "न्हाई. दोन पाय मी कुठून पैदा करू? बोली मागं."

"लॉट नऊ, बोली नाही," हुपरीकर एका दमात म्हणाले. "लॉट दहा, घड्याळ. काटे नाहीत हे आत्ताच सगळ्यांनी बघून घ्या."

सोमवारी सकाळी हुपरीकर माझ्या खोलीत येऊन बसले, कळफलकापासून लांब, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. मी डहाळ्यांना शोधलं. ते आले. मग कर्मचाऱ्यांचा वर्ग मागवला. तो आला. मग लिहिलं, वर्ग बदल, दोन तारका, एक तारका.

"माणसाचं नाव तरी घाला," हुपरीकर म्हणाले.

"लागत नाही. दोन तारका म्हणजे डहाळे. एक तारका म्हणजे कर्मचारी."

"म्हणजे डहाळ्यांना कर्मचारी कर."

"हो."

"मधे कुणी काही टाकलेलं नाही ना?"

"आपण दोघंच आहोत, साहेब."

"तरी बघा."

मी बघितलं आणि ओळ पाठवली. मशीननं खूण दाखवली. मग मी डहाळ्यांच्या कप्प्यांची नावं मागितली. ती एकाखाली एक पडदाभर उतरली. हुपरीकर उठले आणि पेनाचं टोक पडद्यापाशी धरून वाचू लागले. जन्मतारीख, गाव, शिक्षण, पत्नी, गोपनीय शेरे, बदली, निवृत्ती.

"सगळे परत आले?"

"सगळे. एकही कमी नाही."

त्यांनी पडद्याला नमस्कार केला आणि गेले.

एक तारखेला मशीननं नेहमीप्रमाणे बदल्यांचे आदेश छापून काढले. संचालक बदल्या थेट मशीनमध्ये टाकत; एकदम बऱ्याच टाकत, आणि टाकल्या की विसरत. छापून येईल तोच आदेश. हुपरीकर छापील पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आले.

"डहाळ्यांचा नाही यात."

"नाही."

"मी स्वतः वाचून दाखवला होता."

"तो बाद होण्याआधीचा. वर्ग बदलला, की नव्या वर्गात ज्यांना जागा नाही ते कप्पे मशीन टाकून देतं. बाद झालेल्या वस्तूला बदली नसते. डहाळे परत आले तेव्हा कप्पा परत आला. त्यातलं आलं नाही, विभाग बंद केल्याचंही नाही."

"म्हणजे आता तिथं शून्य आहे?"

"शून्यही नाही. शून्य असतं तर कुणीतरी ठेवलेलं असतं. बदली नाही, असंसुद्धा तिथं लिहिलेलं नाही. विचारलं तर मशीन म्हणतं, या कप्प्यात अजून काही ठेवलेलंच नाही."

"तुम्ही मला म्हणालात, सगळे परत आले."

"कप्पे आले, साहेब. तुम्ही कप्पेच विचारले होते."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्यांचे सहाच कप्पे दिसले तेव्हापासून."

"संचालकांना सांगून परत भरून घेता येईल."

"येईल. आधीचं कुठं गेलं ते मात्र सांगावं लागेल."

त्यांनी पट्टीची नीट घडी केली, आणखी एक घडी केली, आणि गेले.

दुपारी डहाळे जोडकंडेन्सर कापसात गुंडाळून घेऊन आले. बिल्ला काढला होता, पण एप्रनच्या काजाला तारेचा वळ राहिला होता. मी त्यांना रिकामे कप्पे दाखवले. "सांगा, भरून टाकते."

"निवृत्तीची तारीख पण गेली?"

"जन्मतारीखच गेली. त्यामुळे काढताही येत नाही."

त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, एखादी आकृती बघावी तसा.

"कौसल्येचं नाव घाला," ते म्हणाले. "लिलावापासून रोज ऐकवतेय. बाकीचं असू द्या."

मी नाव घातलं. बाकीचं तसंच राहिलं. मी निवृत्त झाले तेव्हा डहाळे बर्नरपाशीच होते, आणि वयानं ते माझ्याहून मोठे होते.

त्या एक तारखेलाच कचेरी सुटताना हुपरीकर पुन्हा आले होते. दार लोटून घेतलं आणि उभेच राहिले.

"मायदेवबाई, एखाद्याचा नुसता निवृत्तीचा कप्पा रिकामा करता येतो का?"

"कुणाचा?"

"समजा, माझा. येत्या मार्चला आहे."

"येतो. पण कुणी केला त्याची नोंद मशीन ठेवतं. बाद होऊन परत जमा झालेल्याची चौकशी होत नाही, कारण तो नियमच आहे."

मी त्यांचं नाव टाकलं. ते पडद्याकडे न बघता बोलत होते.

"तसं केलं तर काय काय जातं?"

"नाव राहील. खोली, आल्याची तारीख, पाय, पॉलिश राहील. बाकी सगळं जाईल."

"गोपनीय शेरे?"

"जातील."

"जाऊ देत. आणि तो कुंडलिक?"

"तो तुम्हाला घेणार नाही."

"का?" त्यांचा आवाज किंचित दुखावल्यासारखा झाला.

"पाय."

"हां." ते खिडकीपर्यंत जाऊन आले. "मालतीचं नाव? म्हणजे, घरचं?"

"तेही जातं. नंतर भरता येतं. पण मधे एक आठवडा नसतं."

हुपरीकर दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. एरवी घरी जायची त्यांना कधी घाई नसे.

"तिला विचारून येतो," ते म्हणाले.

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. पडद्यावर खूण लुकलुकत होती, आणि त्या वेळी तारका म्हणजे हुपरीकर होते. ते परत येईपर्यंत मी मशीनला दुसरं काही विचारलं नाही.